जेवणाआधी श्वासातून इन्सुलिन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सिप्ला कंपनीला ‘अफ्रेझा’ हे श्वासातून ओढायचे इन्सुलिन भारतात आणायला मान्यता दिली. अमेरिकेतल्या मॅनकाइंड कंपनीचे हे औषध तिथे जून २०१४ मध्येच मंजूर झाले होते. मान्यतेची बातमी आल्यापासून या विषयावर पत्रे येत आहेत. त्यातली सर्वांना उपयोगी पडतील अशी निवडून उत्तरे देत आहोत. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचे आणि काय सांगायचे, याची तयारी या उत्तरांवरून करता येईल.

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. टाइप २ मधुमेह, रात्री ग्लार्जिन इन्सुलिनची १८ युनिटची सुई आणि दिवसातून दोनदा मेटफॉर्मिनची गोळी. सकाळची उपाशीपोटीची साखर १२०च्या आसपास असते, पण दुपारच्या जेवणानंतर २६० ते २८० जाते. डॉक्टरांनी जेवणाआधीचे इन्सुलिन सुचवले, पण दिवसाला चार सुया म्हटल्यावर वडील ऐकायलाच तयार नाहीत. ओढायच्या इन्सुलिनने सगळ्या सुया बंद होतील का? – वाचक, सांगली

उत्तर : सगळ्या नाही. रात्रीची ग्लार्जिनची सुई राहील. जेवणाआधीच्या तीन सुयांच्या जागी ओढायचे इन्सुलिन येऊ शकते. दोन्हींची कामे वेगळी आहेत. ग्लार्जिन दिवसभर सावकाश झिरपत राहते आणि यकृतातून सतत बाहेर पडणारी साखर आवरते. ओढायचे इन्सुलिन येते आणि जाते. ओढल्यावर साधारण १२ मिनिटांत त्याचा परिणाम दिसू लागतो, पाऊण तासाच्या आसपास तो सर्वाधिक असतो आणि ४ युनिटचा डोस असेल तर दीड तासात ओसरतो. डोस वाढला की हा काळही वाढतो, मोठ्या डोसला चार तासांच्या पुढेही जातो. टाइप १ असलेल्या माणसाने तर बेसल, म्हणजे ग्लार्जिनसारख्या दिवसभराच्या इन्सुलिनशिवाय हे कधीच वापरायचे नाही.

तुम्ही दिलेले आकडे पाहता वडिलांची अडचण नेमकी जेवणानंतरची आहे, म्हणजे औषध त्यांच्या दुखण्याला लागू पडणारे आहे. पण आधी एका प्रश्नाचे उत्तर हवे, जे तुमच्या पत्रात नाही. ते बिडी-सिगारेट ओढतात का? आज ओढत असतील, किंवा सोडून सहा महिने झाले नसतील, तर हे औषध त्यांच्यासाठी नाही. ओढत नसतील तरी सुरू करण्याआधी स्पायरोमेट्री करावीच लागते. नळीत जोराने फुंकून छातीत किती हवा मावते आणि पहिल्या सेकंदात त्यातली किती बाहेर पडते, हे त्यात मोजतात. हा पहिल्या सेकंदाचा आकडा, एफईव्ही-१, जपून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी, नंतर दरवर्षी एकदा, आणि प्रत्येक वेळी तुलना याच पहिल्या आकड्याशी. तो २० टक्के किंवा त्याहून अधिक घसरला तर डॉक्टर औषध थांबवण्याचा विचार करतात.

पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल, दगडखाणीत किंवा पिठाच्या गिरणीत वर्षे गेली असतील, घरात चुलीचा धूर असेल, तर तेही डॉक्टरांना न विचारता सांगा. आपल्याकडे कधीही सिगारेट न ओढलेल्या माणसाचीही फुप्फुसे अशा कारणांनी आतून आकसलेली असतात आणि रोजच्या चालण्या-फिरण्यात ते लक्षात येत नाही.

सुईची भीती हे एकच कारण असेल तर आणखी एक सुचवतो. इन्सुलिन पेनची ४ मिलिमीटरची सुई वडिलांना एकदा टोचून पाहू द्या. बहुतेकांच्या मनातली सुई ही दवाखान्यातल्या सिरिंजची असते. त्यानंतरही ‘नको’ म्हणाले तर ओढायच्या इन्सुलिनचा विषय काढा.

प्रश्न : मला लहानपणापासून दमा आहे. रोज दोन वेळा पंप घेते, त्यामुळे ओढायचे तंत्र हातात बसले आहे. मग हे इन्सुलिन मला सोपेच जाईल ना? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुम्ही हे घ्यायचे नाही. दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असलेल्यांना हे औषध वर्ज्य आहे आणि औषधाच्या माहितीपत्रकावर सर्वांत वरच्या चौकटीत हाच इशारा छापलेला आहे. दमा असलेल्या १७ जणांना ते पंप न घेता दिले, तेव्हा पाच जणांच्या श्वासनलिका आवळल्या आणि छातीत घरघर सुरू झाली. दमा नसलेल्या १३ जणांपैकी एकालाही तसे झाले नाही. दमा सध्या आटोक्यात आहे, कित्येक महिन्यांत झटका आलेला नाही, तरी नियम तोच. पंपाची सवय इथे कामी येत नाही.

प्रश्न : हे यंत्र वापरायचे कसे? एका नातेवाइकांनी वापरायला सुरुवात केली, पण साखर एखाद्या दिवशी छान तर दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तोच डोस आणि ३००. औषधच असे बेभरवशाचे आहे का? – वाचक, नाशिक

उत्तर : ‘तेच जेवण, तोच डोस, वेगळी साखर’ असे घडते तेव्हा आम्ही आधी हाताकडे पाहतो, मग औषधाकडे. यंत्र, म्हणजे इनहेलर, तळहाताएवढे आहे, त्यात बॅटरी नाही, दाबायचे बटण नाही. भुकटी उडवण्याचे काम तुमचा श्वास करतो. त्यामुळे चूक झाली तरी यंत्र काही कुरकुर करत नाही, औषध कमी जाते एवढेच.

कार्ट्रिज, म्हणजे भुकटीची छोटी बंद कुपी, फ्रिजमधून काढले असेल तर १० मिनिटे बाहेर ठेवा. ती तीन रंगांची येतात : ४ युनिटचे निळे, ८चे हिरवे, १२चे पिवळे. पट्टीतून बाहेर काढताना पारदर्शक बाजूने दाबून ढकला. इनहेलर एका हातात आडवा, जमिनीला समांतर धरा आणि तोंडाकडचा पांढरा भाग उचलून उभा करा. कार्ट्रिजची वाटीसारखी बाजू खाली ठेवा, टोकदार बाजू इनहेलरमधल्या टोकाशी जुळवा आणि ते सपाट बसू द्या. मग पांढरा भाग खाली आणून मिटा. ‘टक्’ असे हाताला जाणवले पाहिजे. त्या क्षणी कार्ट्रिज आतून उघडते आणि भुकटी मोकळी होते.

बहुतेक घोळ इथून पुढे होतो. भुकटी मोकळी झाल्यावर इनहेलर आडवाच राहिला पाहिजे. तो उलटा झाला, तोंडाकडची बाजू खाली गेली, हलवला गेला किंवा हातातून पडला, तर औषध सांडलेले असू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही. दम्याचा पंप हलवून घ्यायचा असतो म्हणून बरेच जण हाही हलवतात. असे झाले की ते कार्ट्रिज टाकून नवे घालायचे. ‘वाया जाईल’ म्हणून तेच ओढले की साखर ३०० का गेली याचा शोध लागत नाही.

आता टोपण काढा. इनहेलर तोंडापासून दूर धरून पूर्ण उच्छ्वास सोडा. यंत्रात फुंकू नका. आत ओल जाते आणि भुकटी विस्कटते. मान सरळ ठेवून तोंडाकडचा भाग ओठांत घट्ट धरा. तो तोंडात धरल्यावर मग इनहेलर हनुवटीकडे थोडा झुकवा, मान मात्र झुकवू नका. तोंडाने एका दमात खोल श्वास ओढा, इनहेलर काढून घ्या, झेपेल तितका वेळ श्वास रोखा आणि सावकाश सोडा. डोस दोन कार्ट्रिजचा असेल तर हे सगळे पुन्हा एकदा. झाल्यावर रिकामे कार्ट्रिज काढून कचऱ्यात टाका.

इनहेलर धुवायचा नाही. फारच वाटले तर बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. १५ दिवसांनी तो टाकून नवा घ्यायचा, दिसायला चांगला असला तरीही. नवा काढला त्या दिवसाची तारीख त्याच्या डबीवर मार्करने लिहून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. तुमच्या नातेवाइकांना पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर एक डोस घेऊन दाखवायला सांगा. तंत्र नीट असूनही साखर अशीच वरखाली होत असेल तेव्हा डोस आणि वेळेकडे वळावे.

प्रश्न : मी जेवणाआधी अ‍ॅस्पार्ट हे सुईचे इन्सुलिन १० युनिट घेतो. ओढायचे घेतले तर १० कसे मोजायचे? ८ आणि थोडे, असे करता येते का? – वाचक, ठाणे

उत्तर : ‘थोडे’ करता येत नाही. कार्ट्रिज फोडून अर्धे घेणे, भुकटी काढून टाकणे हे कधीच करू नका. डोस चारच्या टप्प्यानेच वाढतो. अमेरिकेतल्या २०१४च्या माहितीपत्रकातला सुरुवातीचा तक्ता वरच्या टप्प्याला नेतो : सुईचे ४ युनिटपर्यंत असेल तर ४, ५ ते ८ असेल तर ८, ९ ते १२ असेल तर १२. म्हणजे त्या तक्त्याने तुमच्या १० साठी १२चे एक पिवळे कार्ट्रिज. १६ हवे तर दोन हिरवी, २० हवे तर एक हिरवे आणि एक पिवळे, २४ ला दोन पिवळी. आजवर इन्सुलिन घेतलेच नसेल तर प्रत्येक जेवणाला ४ पासून सुरुवात होते.

ओढायच्या इन्सुलिनचा एक युनिट आणि सुईचा एक युनिट परिणामाने सारखे नाहीत, हे मात्र पक्के ध्यानात ठेवा. तक्त्यातला डोस अनेकांना कमी पडतो. अमेरिकेत टाइप १च्या १२३ प्रौढांवर १७ आठवडे झालेल्या एका चाचणीत सुरुवातच सुईच्या साधारण दुप्पट डोसने केली होती. म्हणून पहिल्या काही दिवसांत साखर अपेक्षेपेक्षा वर राहिली तर औषध कुचकामी आहे असे ठरवू नका, आणि आपल्या मनाने दुप्पटही करू नका. जेवणाआधी, पहिल्या घासापासून एक तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी, अशी चार वेळची साखर तीन दिवस वहीत मांडा. एक तासाची चढलेली असेल तर डोस कमी पडतोय. एक तासाची चांगली आणि चार तासांची चढलेली असेल तर औषध जेवण पचण्याआधीच संपतेय. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. नुसत्या जेवणानंतरच्या दोन तासांच्या साखरेवरून (पीपी) डॉक्टरांना हा फरक कळत नाही.

त्याच चाचणीतला आणखी एक निष्कर्ष इथे सांगायला हवा. ओढायचे इन्सुलिन घेणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांचे एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) अर्ध्या टक्क्याहून अधिक सुधारले, नेहमीचे उपचार चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. पण ओढायचे घेणाऱ्यांतच २६ टक्क्यांचे ते तितकेच बिघडले, दुसऱ्या गटात ३ टक्क्यांचे. काहींना हे औषध छान मानवते, काहींना अजिबात नाही. आमचे मत असे की तीन महिन्यांनी एचबीएवनसी पाहून हिशेब करावा आणि बिघडले असेल तर संकोच न करता सुईकडे परतावे.

प्रश्न : मला टाइप १ आहे, वय २८. सणावाराला फार पंचाईत होते. पुरणपोळी-तूप, लग्नातल्या लांबलेल्या पंगती, बासुंदी. ओढायचे इन्सुलिन वेगवान आहे म्हणतात, मग गोड खाऊन लगेच ओढले की झाले? – वाचक, पुणे

उत्तर : गोडाच्या बाबतीत वेग मदतीला येतो, तुपाच्या बाबतीत तोच वेग आड येतो.

सुईचे इन्सुलिन कातडीखाली पुंजक्यांच्या रूपात बसते. ते सुटे होऊन रक्तात पोचेपर्यंत वेळ जातो. ओढायच्या भुकटीचे कण दोन-अडीच मायक्रॉनचे असतात. आम्लात घट्ट राहणाऱ्या आणि फुप्फुसातल्या ओलाव्यात क्षणात विरघळणाऱ्या एका वाहक पदार्थावर इन्सुलिन बसवलेले असते. कण वायुकोशांपर्यंत जातात, विरघळतात आणि इन्सुलिन थेट तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत उतरते. रक्तातले त्याचे प्रमाण १० ते २० मिनिटांत शिखरावर असते. वाहक पदार्थ लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो.

आता पुरणपोळीचे बघा. मैदा किंवा कणीक, गूळ, हरभरा डाळ आणि वर तूप. गुळाची साखर लवकर चढते, तिला हे औषध बरोबर गाठते. डाळ आणि तूप मात्र पोटात रेंगाळतात आणि उरलेली साखर तीन-चार तास झिरपत राहते. तोवर ४ किंवा ८ युनिटचे काम संपलेले असते. म्हणून पहिल्या दोन तासांत साखर १४० दिसते, तुम्ही खूश होता आणि संध्याकाळी पाचला ती २५० असते. हीच गोष्ट बिर्याणी, मटण-भाकरी, चीज घातलेला पिझ्झा यांची. तांदळाची भाकरी, साधा वरणभात, पोहे, साबुदाण्याची खीर यांच्या बाबतीत औषधाचा आणि अन्नाचा वेग बराच जुळतो.

अशा जड जेवणाला एक ते दोन तासांनी दुसरा छोटा डोस लागू शकतो. तो कधी आणि कितीचा, हे सणाच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. साखर सतत मोजणारा सेन्सर लावत असाल तर दुसरा डोस ठरवताना आकड्याइतकेच, साखर चढते की उतरते हे दाखवणाऱ्या बाणाकडे लक्ष द्या. बाण खाली असेल तर थांबा, कारण पहिल्या डोसचे काम अजून चालू आहे. अर्ध्या तासाच्या आत डोसवर डोस चढवणे हा साखर एकदम कोसळण्याचा हमखास मार्ग आहे.

वेळ : पहिल्या घासाच्या वेळी. साध्या ह्यूमन रेग्युलर इन्सुलिनसारखे अर्धा तास आधी घेतलेत तर ताट येईपर्यंत साखर ७०च्या खाली जाईल. पंगतीत पान वाढून झाल्याशिवाय कार्ट्रिज इनहेलरमध्ये घालूसुद्धा नका. वाढपी श्लोक म्हणायला थांबले, वरमाय यायची राहिली, यात वीस मिनिटे सहज जातात, आणि या औषधाला वीस मिनिटे फार झाली.

साखर ७०च्या खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला तर नेहमीचाच नियम : १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार सपाट चहाचे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणे. घरात कोणी वोग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी घेत असेल तर त्यांना साखर नव्हे, मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. या गोळ्या साध्या साखरेचे पचन अडवतात. साखर कमी असताना ओढायच्या इन्सुलिनचा डोस घ्यायचाच नाही, समोर ताट असले तरी. आधी साखर वर आणा.

प्रश्न : ओढल्यावर खोकला येतो. सोडून द्यावे का? – वाचक, नागपूर

उत्तर : लगेच नाही. चाचण्यांत साधारण चारातल्या एकाला खोकला आला. तो बहुधा ओढल्यावर दहा मिनिटांच्या आत येतो, कोरडा असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत कमी होतो. ओढण्याआधी दोन घोट पाणी प्या, श्वास झटक्याने न ओढता एकसारखा ओढा. ओढल्या ओढल्या खोकल्याची उबळ आली तर दुसरा डोस घेऊ नका. किती आत गेले हे कळत नाही, त्यामुळे तासाभराने साखर मोजणे हाच मार्ग.

धाप लागणे, छातीत आवळल्यासारखे वाटणे, शिटीसारखा आवाज, हे खोकल्यात मोडत नाही. औषध थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत पायोग्लिटाझोन घेत असाल आणि पाय सुजू लागले, वजन चटकन वाढले, तर तेही त्याच दिवशी सांगा. कोणत्याही इन्सुलिनबरोबर या गोळीने अंगात पाणी धरू शकते आणि हृदयावर ताण येतो.

प्रश्न : चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, वीजही जाते. हे टिकणार कसे? – वाचक, चंद्रपूर

उत्तर : न फोडलेले चंदेरी पाकीट फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत छापील मुदतीपर्यंत चालते. फ्रीझरमध्ये किंवा त्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रिजबाहेर काढले की दहा दिवसांत संपवायचे. पाकिटात १५-१५ कार्ट्रिजचे पत्रे असतात आणि प्रत्येक पत्रा तीन-तीनच्या पाच पट्ट्यांत फाटतो. एखादी पट्टी फोडली की तिच्यातली तिन्ही तीन दिवसांत वापरायची. दिवसाला तीन जेवणे धरली तर एक पट्टी एका दिवसाची, हे गणित चांगले जमते. एकच जेवण झाकायचे असेल तरी पट्टी तिसऱ्या दिवशी संपते, पण एखादे जेवण चुकले तर चौथ्या दिवशीचे कार्ट्रिज टाकून द्यावे लागेल.

‘खोलीचे तापमान’ म्हणजे इथे २५ अंश, थोडे इकडेतिकडे ३०पर्यंत. चंद्रपूरच्या मेमधली खोली यात बसत नाही. त्या दिवसांत दिवसाचीच पट्टी बाहेर काढा आणि तीही पाण्यात भिजवून वापरायच्या इन्सुलिन पाऊचमध्ये ठेवा. मात्र ओल्या पाऊचचा स्पर्श पट्टीला होऊ देऊ नका, आधी झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला. उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेले औषध फेकूनच द्या. वीज गेल्यावर फ्रिजचे दार न उघडता चार-सहा तास निभावतात. त्याहून जास्त वेळ जात असेल तर दार बंद ठेवून आत बर्फाची पाकिटे ठेवलेला डबा जवळ बाळगा, पण औषध बर्फाला चिकटवू नका.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो. मी हे इन्सुलिन दोन वर्षे घेते आहे. पाच आठवडे रत्नागिरीला माहेरी येणार आहे. काय काय आणू? – वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दिवसांचा हिशेब ३५. इनहेलर १५ दिवसांचा, म्हणजे तीन लागतील. पडझडीसाठी चौथा ठेवा. कार्ट्रिज तुमच्या रोजच्या संख्येने ३५ दिवसांना लागतील त्याच्या दीडपट, निम्मी एका हँडबॅगेत आणि निम्मी दुसऱ्या. सामानाच्या पेटीत काहीही नको, विमानाच्या तळाशी तापमानाचा भरवसा नाही. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह सोबत ठेवा.

आणि एक गोष्ट जरूर आणा : जेवणाआधीच्या सुईच्या इन्सुलिनचे एक पेन आणि त्याचा डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस. पावसाळ्यात कोकणात सर्दी-ताप-खोकला कोणालाही होतो. छाती भरली असेल, खोकल्यामुळे पूर्ण श्वास ओढता येत नसेल, तर औषध नीट आत जात नाही आणि नेमकी त्याच वेळी तापामुळे साखर चढलेली असते. टाइप १ असेल तर यातूनच रक्त आम्लयुक्त करणारा जीवघेणा कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. चाचण्यांत ओढायचे इन्सुलिन घेणाऱ्या टाइप १ रुग्णांत तो सुईवाल्यांपेक्षा जास्त दिसला. अशा दिवशी दर तीन-चार तासांनी साखर मोजा, २५०च्या वर गेली तर लघवीत कीटोन तपासा, बेसलची सुई कधीही चुकवू नका आणि डॉक्टरांशी बोलून पेनवर या. उलट्या आणि धाप दोन्ही असतील तर घरी थांबायचे नाही, थेट रुग्णालय.

प्रश्न : असेच एक इन्सुलिन पूर्वी येऊन बंद पडले होते. त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो असेही वाचले. खरे काय? – वाचक, सोलापूर

उत्तर : ते ‘एक्झुबेरा’, फायझर कंपनीचे. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने स्वतःच बाजारातून काढले, कारण ते खपले नाही. यंत्र फार मोठे होते. डोस युनिटऐवजी मिलिग्रॅममध्ये होता, आणि १ मिलिग्रॅमची तीन पाकिटे घेतली तर ३ मिलिग्रॅमच्या एका पाकिटापेक्षा जास्त इन्सुलिन अंगात जाई. रोज डोस मोजणाऱ्या माणसाला असला हिशेब धोक्याचा. आताच्या औषधात युनिट आहेत, बेरीज सरळ आहे.

कर्करोगाचे म्हणाल तर अफ्रेझाच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन रुग्ण आढळले, तुलनेच्या गटात एकही नाही. ते दोघे पूर्वी भरपूर धूम्रपान करणारे होते. चाचण्या संपल्यावर कधीही धूम्रपान न केलेल्या आणखी दोघांची नोंद झाली. एवढ्या थोड्या संख्येवरून ‘होतो’ असेही म्हणता येत नाही आणि ‘होत नाही’ असेही. म्हणून स्वतःला पूर्वी फुप्फुसाचा कर्करोग झालेला असेल, किंवा त्याचा धोका जास्त असेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे : सुईवरच राहा.

श्वासाच्या क्षमतेवरचा परिणाम मात्र मोजलेला आहे. पहिल्या तीन महिन्यांत एफईव्ही-१ तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ४० मिलिलिटरने कमी होते आणि दोन वर्षांच्या पाहणीत तो फरक तेवढाच राहिला. निरोगी प्रौढाच्या तीन-साडेतीन लिटरपुढे हा आकडा लहान आहे. फुप्फुसे आधीच अशक्त असतील तर लहान राहत नाही.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, टाइप १. शाळेत डब्याच्या वेळी सुई घ्यायला लाजतो. देता येईल का? – वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सध्या नाही. मान्यता १८ वर्षांवरील प्रौढांसाठी आहे. शिवाय चारच्या टप्प्याचा डोस या वयाला फार मोठा ठरू शकतो. अकरा वर्षांच्या मुलाला डब्याला कधी दीड, कधी अडीच युनिट लागतात आणि अर्ध्या युनिटची पेने त्यासाठीच असतात. शाळेशी बोला, वर्गशिक्षकांना एक पानी सूचना लिहून द्या आणि मुलाला शिक्षकांच्या खोलीत किंवा आजारपणाच्या खोलीत सुई घ्यायची परवानगी मागा. गरोदर स्त्रियांच्या बाबतीतही डॉक्टर सुईचेच इन्सुलिन निवडतात. दिवस राहण्याचा विचार असेल तर ते आधीच सांगा, म्हणजे बदल घाईत करावा लागणार नाही.